रिपोर्टमधलं 'ईजीएफआर अ‍ॅम्प्लिफाइड': मेंदूच्या गाठी आणि वाढलेली जनुकं

मेधा_म
मंगळवार, रात्री १०.१५

गेल्या आठवड्यात मावसबहिणीने एका रिपोर्टचा फोटो पाठवला. तिच्या दिरांच्या मेंदूत उजव्या बाजूला गाठ निघाली, ऑपरेशन झालं आणि तीन आठवड्यांनी हा कागद हाती आला. शेवटी तीन ओळी होत्या. ग्लायोब्लास्टोमा, आयडीएच वाइल्डटाइप, ग्रेड ४. ईजीएफआर अ‍ॅम्प्लिफाइड. एमजीएमटी तपासणी बाकी. ग्लायोब्लास्टोमा ही मेंदूची झपाट्याने वाढणारी गाठ; आयडीएच, ईजीएफआर आणि एमजीएमटी ही जनुकांची नावं.

तिचा प्रश्न सरळ होता. "आमच्या शेजारच्या काकांना फुफ्फुसाचा कॅन्सर होता, त्यांच्याही रिपोर्टात ईजीएफआर लिहिलं होतं. त्यांना रोज एक गोळी सुरू केली आणि ते दोन वर्षं हिंडत-फिरत होते. मग भाऊजींना ती गोळी का देत नाहीत? पैसे आम्ही उभे करू."

मी डॉक्टर नाही. पुण्यातल्या एका लॅबमध्ये अठरा वर्षं मायक्रोस्कोपखाली हेच ठिपके मोजते आहे. तिच्याशी फोनवर तासभर बोलले, पण मनासारखं सांगता आलं नाही. हा प्रश्न फार घरांत पडतो, म्हणून इथे सवडीने लिहिते.

आधी मला काय दिसतं ते सांगते. गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. त्याचा अगदी पातळ काप काचपट्टीवर घेऊन फिश टेस्ट करतात. दोन रंगांचे प्रोब असतात. लाल प्रोब ईजीएफआर जनुकाला चिकटतो. हिरवा चिकटतो सातव्या गुणसूत्राच्या कमरेपाशी, कारण ईजीएफआर त्याच गुणसूत्रावर आहे. निरोगी पेशीत दोन लाल आणि दोन हिरवे ठिपके दिसतात. ग्लायोब्लास्टोमात पुष्कळदा सातवं गुणसूत्रच एखादं जादा असतं, तेव्हा तीन लाल, तीन हिरवे. याला अ‍ॅम्प्लिफिकेशन म्हणत नाहीत. खरं अ‍ॅम्प्लिफिकेशन असलं की हिरवे दोन-तीनच राहतात आणि लालांचा सडा पडलेला असतो, पहाटे प्राजक्ताखाली असतो तसा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, स्लाईड नीट धुतलीच गेली नाही. सरांनी बघितलं आणि म्हणाले, "धुतली आहे. गाठच अशी आहे."

आता घोळ कुठे होतो ते सांगते. एका अर्जाच्या पन्नास झेरॉक्स काढल्या, हे अ‍ॅम्प्लिफिकेशन. त्यांतल्या किती अर्जांवर प्रत्यक्ष काम झालं, ही जनुकाची अभिव्यक्ती, म्हणजे त्याच्यापासून किती प्रथिन तयार झालं. आणि अर्जाचा मजकूरच बदललेला असला तर ते म्युटेशन. रिपोर्टात या तिन्ही गोष्टी एकाच नावापुढे लिहिलेल्या असतात, 'ईजीएफआर'. शेजारच्या काकांच्या रिपोर्टात तिसरी गोष्ट होती. भाऊजींच्या रिपोर्टात पहिली आहे.

ईजीएफआर हे प्रथिन पेशीच्या भिंतीत आरपार बसलेलं असतं. बाहेरचा भाग निरोप झेलतो, आतला भाग "वाढ, विभागणी कर" असा हुकूम पुढे धाडतो. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये बिघाड असतो आतल्या भागात. हे २००४ मध्ये कळलं आणि जेफिटिनिबसारखी गोळी कोणाला लागू पडते याचं कोडं सुटलं, कारण ती गोळी नेमकी त्या बिघडलेल्या खाचेत बसते. मेंदूच्या गाठीत आतला भाग बहुधा जसाच्या तसा असतो. बिघाड असतो बाहेरच्या भागात. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध बदल म्हणजे 'व्हीथ्री'. यात जनुकाचे दुसऱ्यापासून सातव्यापर्यंतचे तुकडे गळून पडतात आणि प्रथिनाच्या बाहेरच्या भागातले २६७ अमिनो आम्लांचे मणी नाहीसे होतात. निरोप झेलणारा हातच तुटतो, आणि तरीही आतला हुकूम बंद होत नाही. निरोप येवो न येवो, पेशी वाढत राहते.

जेफिटिनिब आणि एर्लोटिनिब ग्लायोब्लास्टोमात देऊन पाहिलं नाही असं नाही. चाचण्या झाल्या, बहुतेक रुग्णांना उपयोग झाला नाही. गोळी त्या प्रकारच्या बिघाडावर घट्ट बसत नाही, आणि रक्तातून मेंदूत पुरेशी पोचतही नाही.

म्हणून बहिणीला मी शेवटी एवढंच सांगितलं: ती ओळ निदानासाठी आहे, औषधासाठी नाही. तुमच्या उपचाराशी ज्या ओळीचा जास्त संबंध आहे ती अजून यायची आहे, एमजीएमटीची. तिच्याबद्दल खाली कोणी जाणकार लिहील तर बरं.

आणखी एक. 'वाइल्डटाइप' वाचून ती घाबरली होती, काहीतरी पिसाळलेलं असणार असं तिला वाटलं. वाइल्डटाइप म्हणजे जनुकाचं मूळ, न बदललेलं रूप. एवढाच अर्थ.

---

सोनचाफा
मंगळवार, रात्री ११.०२

मेधाताई, तुम्ही ज्यांच्याबद्दल लिहिलंत तसाच रिपोर्ट माझ्या भावाचा आहे. तो ४९ वर्षांचा आहे. परवापासून इंटरनेटवर शोधून शोधून डोकं फिरायची वेळ आली होती. तुमचं लिखाण दोनदा वाचलं. पहिल्यांदा काहीतरी कळलं.

एक विचारते. अ‍ॅम्प्लिफाइड म्हणजे आमची गाठ इतरांपेक्षा जास्त वाईट का? डॉक्टरांना विचारायला धीर होत नाही. आणि या इतक्या प्रती येतात तरी कुठून?

---

डॉ_रानवाटा
बुधवार, सकाळी ७.३०

सोनचाफा, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. ग्लायोब्लास्टोमा हाच आजार कठीण आहे, हे लपवून उपयोग नाही. पण ग्लायोब्लास्टोमा असलेल्या रुग्णांमध्ये ज्यांचं ईजीएफआर अ‍ॅम्प्लिफाइड आहे ते इतरांपेक्षा लवकर जातात, असं सातत्याने दिसलेलं नाही. हा शब्द वाचून वेगळी भीती मनात ठेवू नका.

मी न्यूरोपॅथॉलॉजीत काम करतो. मेधाताईंनी 'निदानासाठी' असं म्हटलं आहे, त्यात थोडी भर घालतो, कारण प्रत्यक्ष कामात या ओळीचं वजन मोठं आहे. मेंदूत खोलवर गाठ असेल तर सर्जनला सुईने तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढता येतो. तो तुकडा गाठीच्या कडेचा निघाला तर मायक्रोस्कोपखाली सौम्य दिसतो. पेशी विरळ, विभाजन कमी, मेलेला भाग नाही. पूर्वी आम्ही त्याला ग्रेड २ किंवा ३ लिहीत होतो आणि सहा महिन्यांत रुग्ण पुन्हा दारात उभा असायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणाने हे बदललं. मोठ्या माणसातली, मेंदूत पसरत जाणारी अ‍ॅस्ट्रोसाइटची गाठ असेल, आयडीएच वाइल्डटाइप असेल, आणि तीन खुणांपैकी एक जरी सापडली, तर दिसायला कितीही सौम्य असली तरी तिला ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड ४ म्हणायचं. त्या खुणा म्हणजे ईजीएफआरचं अ‍ॅम्प्लिफिकेशन, टर्ट जनुकाच्या प्रमोटरमधला (जनुक चालू-बंद करणाऱ्या भागातला) बदल, किंवा सातवं गुणसूत्र जादा आणि दहावं गायब. मेधाताई मोजतात त्या लाल ठिपक्यांवरून कधी कधी रुग्णाचा सगळा उपचार ठरतो.

एमजीएमटीबद्दल. हे ऑन्कोजीन, म्हणजे कॅन्सरला चालना देणारं जनुक, नव्हे. डीएनएची डागडुजी करणारं प्रथिन या जनुकापासून बनतं. टेमोझोलोमाइड हे औषध गाठीच्या डीएनएला इजा करतं आणि एमजीएमटी ती इजा भरून काढतं. काही गाठींत या जनुकाच्या तोंडाशी मिथाइलचे गट चिकटून ते गप्प झालेलं असतं. अशा रुग्णांना औषधाचा फायदा स्पष्टपणे जास्त होतो, हे २००५ मध्ये दिसलं. त्याच वर्षी ५७३ रुग्णांची ती मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, जिच्यावर आजचा उपचार उभा आहे. नुसत्या रेडिएशनने दोन वर्षांनंतर हयात असलेले १०.४ टक्के, रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड दिल्यावर २६.५ टक्के. म्हणून रिपोर्टात 'मिथायलेटेड' आलं तर ती चांगली बातमी समजा. 'अनमिथायलेटेड' आलं म्हणून उपचार थांबत नाहीत.

---

घाटवाट
बुधवार, सकाळी ९.१०

लेख चांगला आहे, पण माझा अनुभव लिहिल्याशिवाय राहवत नाही.

वडिलांना २०२२ मध्ये ग्लायोब्लास्टोमा निघाला. कोणीतरी सांगितलं, मोठं जनुक पॅनेल करा, शेकडो जनुकं तपासतात, त्यातून औषध सापडतं. बहिणीने सोनं मोडलं. ब्लॉक कुरियरने पाठवला, तो मध्येच हरवला. आठ दिवस कोणी धड उत्तर देईना. सापडला तेव्हा मेण वितळून चिकटलं होतं, दुसरा तुकडा पाठवावा लागला. महिन्याने जाडजूड अहवाल आला. ईजीएफआर अ‍ॅम्प्लिफाइड, सीडीके४ अ‍ॅम्प्लिफाइड, आणखी दहा-बारा नावं. डॉक्टरांनी तो चाळला आणि जे औषध आधीच चालू होतं तेच पुढे चालू ठेवलं.

त्या महिन्यात आम्ही बाबांपाशी कमी आणि त्या कागदापाठी जास्त धावलो. त्या पैशांत रात्रीसाठी चांगली नर्स ठेवता आली असती, फिजिओथेरपी झाली असती. म्हणून माझं मत असं की ग्लायोब्लास्टोमात आयडीएच आणि एमजीएमटी बघावं आणि तिथेच थांबावं. बाकीची नावं घरच्यांना खोटी आशा दाखवतात.

---

मेधा_म
बुधवार, दुपारी १.४०

घाटवाटदादा, वाचून पोटात तुटलं. ब्लॉकबद्दल सगळ्यांना सांगते: सगळं टिश्यू एकाच वेळी कुठेही पाठवू देऊ नका. काप पाठवता येतात, ब्लॉक मागे ठेवता येतो. ब्लॉक मागण्याचा हक्क रुग्णाचा आहे, लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची.

तुमच्या मताशी मी अर्धी सहमत आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल बोलायला आमच्याकडे आलेल्या एखाद्या तरुण रुग्णाच्या घरचं कोणी इथे असेल तर बरं होईल.

---

निशिगंध
बुधवार, दुपारी ३.२५

आहे मी, मेधाताई.

माझ्या भाचीला अकराव्या वर्षी छोट्या मेंदूत गाठ निघाली, पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा. एका बाजूची काढता आली, मेंदूच्या देठाला चिकटलेली राहिली. तिची तपासणी केली नसती तर आज काय झालं असतं याचा विचार मी करत नाही.

तिच्यात बीआरएएफ जनुकाचं जोडकाम झालेलं निघालं. सातव्या गुणसूत्राचाच एक तुकडा दुप्पट होतो आणि त्या सांध्यावर केआयएए१५४९ आणि बीआरएएफ अशी दोन जनुकं एकमेकांना जोडली जातात. मेधाताई, पुन्हा तेच सातवं गुणसूत्र! दुसऱ्या एका मुलाच्या गाठीत त्याच बीआरएएफमध्ये व्ही६००ई हा एका अक्षराचा बदल होता. दोघांच्या आया दवाखान्यात शेजारी बसायच्या, दोघींच्या हातातल्या कागदावर बीआरएएफच.

पण औषध एक नाही. व्ही६००ई असेल तर डॅब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब ही जोडी. मुलांमधल्या अशा सौम्य ग्लायोमासाठी (ग्लायोमा म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींची गाठ) अमेरिकेत २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली. जोडकाम असेल तर नुसतं डॅब्राफेनिबसारखं औषध उलटू शकतं, पेशीला ब्रेक लागण्याऐवजी ती आणखी पळते. सोराफेनिब हे औषध मुलांच्या अशा गाठींत देऊन पाहिलं तेव्हा गाठी अनपेक्षित वेगाने वाढल्या आणि चाचणी थांबवावी लागली. आमच्या डॉक्टरांनी हे कागदावर चित्र काढून समजावलं होतं, तो कागद अजून माझ्या कपाटात आहे. तिला एमईके, म्हणजे बीआरएएफचा हुकूम पुढे नेणारं प्रथिन, अडवणारं औषध मिळालं. आता ती नववीत आहे.

घाटवाटदादा, तुमच्या बाबांच्या आजारात तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण मुलांच्या गाठींमध्ये "दोन तपासण्या करा आणि थांबा" हा सल्ला कृपा करून कोणी देऊ नका. अहवालात जनुकाचं नाव पुरत नाही, बदल कोणता ते वाचावं लागतं.

---

घाटवाट
बुधवार, दुपारी ४.०५

मान्य. मी मोठ्या माणसांच्या ग्लायोब्लास्टोमाबद्दलच बोलत होतो, ते स्पष्ट लिहायला हवं होतं. भाचीला आशीर्वाद.

---

दूरदेशी
बुधवार, रात्री ११.५५

नमस्कार. मी अमेरिकेत पोस्टडॉक करते. सोनचाफा यांच्या दुसऱ्या प्रश्नावर, "या प्रती येतात कुठून", गेली चार वर्षं माझं काम चाललं आहे.

मेधाताईंना जो लाल सडा दिसतो त्यातले बहुतेक ठिपके गुणसूत्रावर नसतातच. ईजीएफआर असलेला डीएनएचा तुकडा गुणसूत्रातून सुटतो, त्याची दोन टोकं जुळून गोल कडं तयार होतं आणि ते कडं पेशीच्या केंद्रकात मोकळं राहतं. पेशी विभागताना दिसणारे असे जोडीजोडीचे बारीक ठिपके १९६५ मध्येच लहान मुलांच्या गाठींमध्ये नोंदले गेले होते. त्यात नेमकं काय भरलेलं असतं हे मात्र नंतर उलगडलं.

याने काय बिघडतं, ते माझ्या मते या सगळ्या विषयाचं मूळ आहे. गुणसूत्राला कमरेपाशी एक बिंदू असतो, तिथे दोरे अडकतात आणि पेशी विभागताना दोन्ही लेकींना समान वाटा मिळतो. या कड्यांना तो बिंदूच नाही. त्यामुळे वाटणी कशीही होते. एका लेकीला ऐंशी कडी, दुसरीला पाच. एकाच गाठीत भरपूर ईजीएफआर असलेल्या पेशी आणि अगदी कमी असलेल्या पेशी शेजारी शेजारी नांदतात. औषध आलं की जास्तवाल्या मरतात, कमीवाल्या तग धरतात, आणि औषध थांबलं की त्यांच्याच वंशात पुन्हा जास्तवाल्या तयार होतात. २०१४ मध्ये एर्लोटिनिबच्या बाबतीत हेच दिसलं. औषध चालू असताना व्हीथ्रीची कडी जवळजवळ नाहीशी झाली, औषध काढलं तशी परतली. कायमचं म्युटेशन असतं तर असं मागेपुढे झालं नसतं.

याहून मन मोडणारी गोष्ट म्हणजे काही गाठींत एका पेशीत ईजीएफआर अ‍ॅम्प्लिफाइड असतं, तिच्या शेजारणीत पीडीजीएफआरए, तिसरीत मेट. २०११ च्या सुमारास दोन-तीन गटांनी हे फिश करूनच दाखवलं, मेधाताई करतात तेच तंत्र, फक्त तीन जनुकांना तीन रंग देऊन. सुईने काढलेल्या दाण्याएवढ्या तुकड्यात यातला एकच रंग येऊ शकतो.

व्हीथ्रीविरुद्ध लसही झाली, रिंडोपेपिमट नावाची. त्या लशीकडून फार आशा होती, कारण व्हीथ्री निरोगी पेशींत नसतंच. ७४५ रुग्णांची चाचणी झाली, २०१७ मध्ये निकाल छापून आला. ज्यांची गाठ जवळजवळ पूर्ण काढता आली होती त्यांच्यात लस घेतलेल्यांचं मध्यक आयुष्य (म्हणजे रांगेतल्या मधल्या रुग्णाचं) २०.१ महिने, न घेतलेल्यांचं २०.०. पुन्हा उगवलेल्या गाठी तपासल्या तर अर्ध्याहून जास्त गाठींतून व्हीथ्री निघून गेलेलं होतं, आणि हे लस न घेतलेल्या गटातही. तो आकडा वाचला त्या दिवशी आमच्या लॅबमधली एक सिनिअर बाई रडली होती. तिने त्या रेणूवर बरीच वर्षं घातली होती.

२०२४ च्या मार्चमध्ये बोस्टनहून आलेली बातमी काहींनी वाचली असेल. रुग्णाच्याच टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी, बदलून, व्हीथ्री आणि साधं ईजीएफआर दोन्हींवर धरतील अशा करून, थेट मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत सोडल्या. रुग्ण फक्त ३. एकीची गाठ पाच दिवसांत जवळजवळ दिसेनाशी झाली. तिघांपैकी दोघांत परिणाम टिकला नाही. मी हे आशा लावायला लिहीत नाही, पण एकाच खुणेवर नेम न धरता दोन खुणांवर धरायचा हे शिक्षण त्या फसलेल्या लशीतून आलं, आणि मला ते महत्त्वाचं वाटतं.

---

सोनचाफा
गुरुवार, सकाळी ६.४०

दूरदेशी, सगळं नाही कळलं, पण दोन लेकींची वाटणी कळली. भावाला चहा देताना तीच सांगितली. तो म्हणाला, "म्हणजे माझ्या डोक्यात भाऊबंदकी चाललीय." ऑपरेशननंतर पहिल्यांदा एवढं लांब वाक्य बोलला.

---

फळा_खडू
गुरुवार, सकाळी १०.२०

मी निवृत्त शिक्षक आहे, अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. डॉक्टर मंडळींसमोर बोलायचा अधिकार नाही, तरी या गोष्टीचा जुना भाग मुलांना दरवर्षी सांगायचो, तो लिहितो. आपल्या मुंबईशी त्याचा खरा धागा आहे.

ईजीएफआर हे ऑन्कोजीन आहे हे कळलं ते कोंबड्यांच्या विषाणूमुळे. कोंबड्यांना रक्ताचा कॅन्सर देणाऱ्या एका विषाणूत 'अर्बबी' नावाचं जनुक होतं. १९८४ मध्ये लंडनमध्ये ईजीएफआर प्रथिनाच्या तुकड्यांची मांडणी वाचली गेली, आणि ती त्या विषाणूच्या जनुकाशी जुळली. विषाणूने कधीकाळी यजमानाचंच जनुक पळवलं होतं, आणि पळवताना बाहेरचा भाग कापून टाकला होता. मेधाताईंनी व्हीथ्रीबद्दल लिहिलंय ते वाचून अंगावर काटा आला. कोंबडीच्या विषाणूने आणि माणसाच्या मेंदूच्या गाठीने तोच हात तोडला!

पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, श्लेसिंगर, उलरिख आणि लिबरमन यांच्या गटाने मेंदूच्या दहा गाठी तपासल्या. दहापैकी चारांत ईजीएफआरच्या प्रती वाढलेल्या होत्या. त्यानंतर हजारो गाठी तपासून झाल्या, तरी प्रमाण साधारण तेच, शंभरात चाळीस.

आता मुंबई. लक्ष्मीचरण पाढी हे ओडिशाचे शास्त्रज्ञ. ते एमआयटीमध्ये वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत होते आणि पुढे आपल्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत), कुलाब्याला, त्यांनी काम केलं. उंदरांच्या मज्जासंस्थेतल्या गाठींमधून डीएनए काढून तो साध्या पेशींत घातला की त्या पेशी कॅन्सरसारख्या वागायच्या. त्या पेशींच्या पृष्ठभागावर एक नवं प्रथिन आहे, हे पाढींनी १९८२ मध्ये दाखवलं. मज्जासंस्थेतून आलं म्हणून जनुकाचं नाव ठेवलं 'न्यू'. ते ईजीएफआरचं सख्खं भावंड निघालं. माणसातलं तेच जनुक म्हणजे हर२. १९८७ मध्ये स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये त्याच्या प्रती वाढलेल्या सापडल्या आणि १९९८ मध्ये हर्सेप्टिन हे औषध आलं.

मुलांना मी विचारायचो, उंदरात काय झालं होतं आणि बायकांत काय? उंदराच्या गाठीत एक अक्षर बदललं होतं, प्रती वाढल्या नव्हत्या. बायकांच्या गाठीत अक्षर तेच, प्रती वाढलेल्या. मेधाताईंची झेरॉक्स आणि चुकलेला मजकूर! हे उदाहरण मला तीस वर्षांपूर्वी सुचलं असतं तर बरं झालं असतं. मज्जासंस्थेच्या गाठीत सापडलेल्या जनुकाने स्तनाच्या कॅन्सरमध्ये लाखो बायकांचं आयुष्य वाढवलं, आणि मेंदूतलं भावंड अजून हाताला लागत नाही, याची हळहळ वाटते.

---

डॉ_रानवाटा
गुरुवार, दुपारी २.१५

सर, फार सुंदर. एक जोड देतो.

१९८७ मध्ये व्होगलस्टाइन यांच्या प्रयोगशाळेने ग्लायोमात बाराव्या गुणसूत्रावर पन्नास पटींहून जास्त वाढलेलं एक नवं जनुक शोधलं आणि ग्लायोमावरून त्याचं नाव 'ग्ली' ठेवलं. पुढे बाकीच्या ग्लायोमात ते क्वचितच सापडलं. त्याच वस्तीत सीडीके४ राहतं, पेशीला विभागायला लावणारं, आणि ग्लायोब्लास्टोमात बाराव्या गुणसूत्राचा तो भाग वाढतो तेव्हा खरा लाभ बहुधा त्याचा असतो. वाढलेल्या तुकड्यात शेजारीपाजारीही ओढले जातात. म्हणून प्रती वाढलेलं प्रत्येक जनुक दोषी नसतं, आणि म्हणूनच अभिव्यक्तीही बघावी लागते. घाटवाट यांच्या बाबांच्या अहवालातल्या दहा-बारा नावांपैकी काही अशी नुसती शेजारी असण्याची शक्यता मोठी आहे.

त्याच वर्षी त्याच मंडळींनी असंही लिहिलं की ग्लायोमात ईजीएफआरची अभिव्यक्ती वाढलेली असेल तर प्रतीही नेमाने वाढलेल्या असतात. नंतर अँटिबॉडीने रंगवून पाहिलं तेव्हा हा नेम तितका पक्का राहिला नाही. प्रथिन भरपूर पण प्रती दोनच, अशा गाठीही असतात. त्यामुळे नुसत्या रंगवलेल्या स्लाईडवरून 'अ‍ॅम्प्लिफाइड' लिहिता येत नाही, त्यासाठी मेधाताईंचे ठिपके लागतात. ग्ली पुढे मात्र कामाला आलं, पण दुसऱ्याच आजारात, मुलांच्या मेड्युलोब्लास्टोमात, म्हणजे छोट्या मेंदूतल्या गाठीत.

---

पाऊलवाट
गुरुवार, रात्री ९.३०

मेड्युलोब्लास्टोमा हा शब्द आला म्हणून लिहिते. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना आम्ही गाव सोडून खारघरला सात महिने राहिलो. तिथल्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये टाटाचे संशोधकही आहेत.

मेड्युलोब्लास्टोमा दिसायला एक असला तरी आतून चार प्रकारचा, हे तिथे कळलं. डब्ल्यूएनटी, एसएचएच, गट ३ आणि गट ४. कुठलं जनुक जास्त बोलतंय आणि कुठलं गप्प आहे, त्यावरून गट ठरतो. गट ३ मध्ये काही मुलांत मिक नावाच्या ऑन्कोजीनच्या प्रती वाढलेल्या असतात, ती सगळ्यात अवघड लढाई. डब्ल्यूएनटी गटात शंभरातली नव्वदहून जास्त मुलं बरी होतात. शेजारच्या खोलीतल्या बाईंनी मला सांगितलं की मेणाच्या जुन्या ब्लॉकमधूनही गट ओळखता येईल अशी चाचणी अ‍ॅक्ट्रेकच्या लॅबनेच तयार केली, २०१३ मध्ये ती छापून आली. काही मायक्रोआरएनए आणि थोड्या जनुकांची अभिव्यक्ती मोजायची. आपल्याकडे ताजा गोठवलेला तुकडा सगळीकडे ठेवत नाहीत, मेणाचा ब्लॉक मात्र प्रत्येक दवाखान्यात असतो, म्हणून हे मोलाचं.

आमचा मुलगा डब्ल्यूएनटी निघाला. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी त्या बाईंचं बाळ गट ३ निघालं होतं. मी पेढे आणले होते, ते पिशवीतच राहिले. त्यांनीच मागून घेतले आणि एक माझ्या मुलाला भरवला. त्यांचं बाळ पुढच्या पावसाळ्यात गेलं. मिक या शब्दावर कोणी काम करत असेल, तिकडे दूरदेशात किंवा इथे, तर त्यांना माझा नमस्कार कळवा.

---

दूरदेशी
शुक्रवार, रात्री १.१०

ताई, आमच्याच मजल्यावर मिकवर काम करणारी दोघं आहेत. तुमचा निरोप आजच सांगते, शब्द न शब्द.

---

सोनचाफा
रविवार, सायंकाळी ६.५०

काल डॉक्टरांना भेटलो. या धाग्यावरून तीन प्रश्न वहीत लिहून नेले होते. एमजीएमटी कधी येणार, ब्लॉक कुठे आहे, आणि भावाच्या वयात बीआरएएफ बघण्यात अर्थ आहे का. डॉक्टर म्हणाले, प्रश्न नेमके आहेत, कोणी सांगितले? मी म्हटलं, माझी माणसं आहेत.

ब्लॉक दवाखान्यातच आहे, पोच घेतली. बीआरएएफ रंगवून बघणार आहेत, फार खर्च नाही. एमजीएमटी बुधवारी. रेडिएशनचा मास्क उद्या सकाळी करणार, भाऊ आत्ताच दाढी करून बसलाय.

---

मेधा_म
रविवार, सायंकाळी ७.१५

बुधवारी रिपोर्ट आला की इथे टाका, नाव झाकून. कितीही वाजलेले असोत, मी बघते.